पहिला गिटार ॲम्प: आवाज कमी करून ऐका, मगच पैसे द्या

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात मी घरी गिटार शिकवते. येणारी मुलं बहुतेक आठवी-नववीपासून कॉलेजपर्यंतची, शिवाय मिहानमध्ये नोकरीला असलेले काही जण रविवारी येतात. घरात इलेक्ट्रिक गिटार घ्यायचं ठरलं की गिटारवर महिनाभर चर्चा चालते. रंग कोणता, आकार कोणता, कंपनी कोणती. ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, मात्र दुकानदार पुढे करेल तो उचलला जातो. मला हे फार खटकतं. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज अर्धा लाकडातून आणि तारांतून येत असेल, तर उरलेला अर्धा त्या डब्यातून येतो. साधी गिटार चांगल्या ॲम्पवर गोड वाजते. महागडी गिटार वाईट ॲम्पला लावली की मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही, आणि मग ती पलंगाखाली जाते.

माझ्याकडे असलेले, मुलांनी विकत घेतलेले आणि बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या दुकानांत बसून वाजवलेले असे बरेच छोटे ॲम्प मी ऐकले आहेत. त्यांच्याबद्दल जे वाटतं ते इथे लिहिते.

आधी ऐकायचं कसं ते सांगते, कारण चूक तिथेच होते. दुकानातला मुलगा ॲम्प चालू करतो, गेन (आवाज फाटवणारं बटण) चढवतो, व्हॉल्यूम निम्म्यावर नेतो आणि एक वेगवान तुकडा वाजवतो. मोठ्या आवाजात जवळजवळ सगळेच ॲम्प बरे लागतात. पण तुमचं पोर वाजवणार रात्री साडेनऊला, अभ्यास आटोपल्यावर, आजी शेजारच्या खोलीत झोपलेली असताना. त्या आवाजात तो ॲम्प कसा लागतो हे दुकानात कोणी ऐकतच नाही. आपला कानही इथे आड येतो. आवाज कमी झाला की खर्ज आणि अगदी वरच्या पट्टीचा भाग कानाला मधल्यापेक्षा फारच कमी ऐकू येतात, मधला भागच तेवढा उरतो. फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं होतं. म्हणून दुकानात भरदार वाटलेला ॲम्प घरी आणून हळू लावला की पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो आणि घरच्यांना वाटतं पीस खराब निघाला.

तेव्हा दुकानात सांगा, क्लीन चॅनल (न फाटलेला, स्वच्छ आवाज) लावा, गेन अगदी कमी ठेवा आणि व्हॉल्यूम शून्यापासून अगदी सावकाश वाढवू द्या. दोन गोष्टी बघा. बटण थोडं फिरवताच आवाज हळूहळू उगवतो की काहीच नाही, काहीच नाही आणि एकदम अंगावर येतो? स्वस्त ॲम्पांत हा दोष फार आढळतो आणि घरी त्याचा रोज त्रास होतो, कारण आपल्याला हवी असते ती सगळी जागा बटणाच्या पहिल्या कणभर फिरण्यात कोंबलेली असते. दुसरं, समोर उभं राहून नेहमीसारखं बोलता येईल एवढ्याच आवाजात ई मेजर कॉर्ड, म्हणजे सहा तारांचा एकत्र सूर, छेडा. सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात का? येत असतील तर ॲम्प विचार करण्यासारखा आहे.

शक्यतो स्वतःची गिटार घेऊन जा. सुभाषनगरहून मेट्रोत बसलं की सीताबर्डीला उतरता येतं, पाठीवर गिटारची बॅग असली तरी काही अडत नाही. रविवारी जाऊ नका. रविवारच्या गर्दीत दुकानदाराला तुमच्यासाठी वेळ नसतो आणि रस्त्यावरचा कलकलाट आत येत असल्यामुळे हळू आवाजाची परीक्षा होतच नाही. आठवड्यातली कुठलीही दुपार चांगली.

आता वॅटचं. पालकांचा हमखास प्रश्न असतो, "ताई, चाळीस वॅटचाच घेऊन टाकू ना, पुढं कामी येईल." त्यांचं म्हणणं काळजीपोटीचं असतं, पण हिशेब तसा चालत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटावा म्हणून वॅट साधारण दहापट लागतात. १० आणि २० वॅटमध्ये तुमच्या हॉलमध्ये काही फरक पडणार नाही. दहा वॅटचा ॲम्पसुद्धा पूर्ण उघडला तर खालच्या मजल्यावरचे काका वर येतील. त्यापेक्षा स्पीकरचा आकार बघा. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर ८२ हर्ट्झच्या आसपास असतो. तीन-चार इंची स्पीकर तिथपर्यंत नीट पोचत नाही, सहा इंची बरा, आणि आठ इंची स्पीकर व थोडा खोल डबा असेल तर हळू आवाजातही अंग जाणवतं. दोन ॲम्पांत मन अडलं असेल आणि जागेची अडचण नसेल, तर मी नेहमी मोठ्या स्पीकरकडे झुकते.

"घरी होम थिएटर आहे, त्यालाच लावलं तर?" असंही विचारतात. लावू नका. गिटारच्या पिकअपमधून (तारांखालच्या चुंबकाच्या पट्टीतून) येणारा सिग्नल अशक्त असतो आणि त्याला खूप जास्त इंपीडन्सचं (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं) इनपुट लागतं, साधारण एक मेगाओमचं. गिटार ॲम्पचं इनपुट त्या बेतानेच बनवलेलं असतं. होम थिएटरच्या ऑक्सला (बाहेरचं गाणं आत घ्यायच्या भोकाला) गिटार जोडली की वरचे सूर मरतात आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. काही दुकानांत कीबोर्ड, माइक आणि गिटार सगळं चालेल असा एक मल्टिपर्पज डबा दाखवतात. क्लीन वाजवायला आणि भजन-कीर्तनाच्या कार्यक्रमाला तो उपयोगाचा आहे. पण त्यात ट्विटर, म्हणजे तीव्र सुरांचा छोटा स्पीकर असतो. गिटारचा स्पीकर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचं मुद्दामच गाळून टाकतो, आणि डिस्टॉर्शनमधली (मुद्दाम फाटवलेल्या आवाजातली) करकर त्याच भागात असते. ट्विटरमधून डिस्टॉर्शन ऐकलं की दात आंबतात. रॉक वाजवायचं स्वप्न घेऊन आलेल्या मुलाला हा डबा घेऊन देऊ नका.

आता एकेक ॲम्प.

फेंडर फ्रंटमन १०जी हा बर्डीवर सहज दिसणारा. १० वॅट, सहा इंची स्पीकर, गेन, व्हॉल्यूम, ट्रेबल, बेस आणि ओव्हरड्राइव्हचं (आवाज फाटवायचं) एक बटण. एवढंच. मोबाइलवरचं गाणं सोबत वाजवायला ऑक्स आहे, हेडफोनची सोय आहे. त्याचं क्लीन स्वच्छ आणि लख्ख आहे, आणि नवशिक्याला पहिले महिने तेच लागतं. ओव्हरड्राइव्ह मला कोरडं वाटतं. रिव्हर्ब (आवाज घुमल्यासारखा परिणाम) नसल्यामुळे छोट्या खोलीत आवाज थोडा उघडा पडतो. ज्याला जुनी हिंदी गाणी, ब्लूज, थोडं जॅझ वाजवायचंय त्याला मी हा बिनधास्त सुचवते.

ऑरेंज क्रश १२ चा स्वभाव उलटा. १२ वॅट, सहा इंची स्पीकर, बेस-मिडल-ट्रेबल अशी तिन्ही बटणं. गेन चढवला की जाडसर, दाणेदार आवाज येतो आणि मुलांच्या चेहऱ्यावर लगेच हसू. मिडलचं वेगळं बटण असल्याने हळू आवाजातही गिटार पुढे आणता येते, हे मला फार आवडतं. पण याला ऑक्स नाही. गाण्यासोबत वाजवायचं तर गाणं दुसऱ्या स्पीकरवर लावावं लागतं आणि हेडफोन घातले की तेही ऐकू येत नाही. माझ्या शिकवण्यात गाण्यासोबत वाजवणं हा अर्धा अभ्यास आहे, म्हणून ऐपत असेल तर त्याच घराण्यातला क्रश २०आरटी घ्या म्हणते. त्यात आठ इंची स्पीकर, रिव्हर्ब, ट्यूनर आणि ऑक्स, सगळं आलं. त्रिमूर्तीनगर, नरेंद्रनगरकडे स्वतंत्र घर असलेल्यांना मी हाच सांगत आले आहे.

बॉसचा कटाना मिनी माझ्या खोलीत कायम चालू असतो, त्यामुळे त्याच्याबद्दल जरा जास्त लिहिते. ७ वॅट, चार इंची स्पीकर. वर स्पीकरच्या आकाराबद्दल जे लिहिलं त्याला हा थोडा अपवाद म्हणायला हवा, कारण डबा एवढासा असूनही हळू आवाजात त्याचा सूर भरलेला राहतो. क्लीन, थोडा फाटलेला क्रंच आणि खूप फाटलेला ब्राउन असे आवाजाचे तीनच प्रकार. बेस-मिडल-ट्रेबल वेगळे. जुन्या टेपसारखा डिले (सुराचा प्रतिध्वनी) आहे, तो थोडा उघडला की एकट्यानं वाजवतानाही खोली मोठी झाल्यासारखी वाटते. मुलं हातात घेतात आणि वाजवायला लागतात, मला काही समजावून सांगावं लागत नाही. सहा पेन्सिल सेलवर कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे सात तास चालतो. एप्रिल-मेमध्ये वावटळ उठून लाईन गेली तरी क्लास थांबत नाही. गच्चीवर, अंबाझरीच्या बागेत, कुठेही नेता येतो. अडचण एकच: अडॅप्टर सोबत येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. इथे नीट लक्ष द्या. बॉसचा अडॅप्टर ९ व्होल्टचा असतो आणि त्याच्या पिनचं मधलं टोक ऋण असतं. घरात पडलेल्या राउटर वगैरेच्या अडॅप्टरचं मधलं टोक सहसा धन असतं. पिन बसते म्हणून तो लावायचा नाही. अडॅप्टरवर गोलाची छोटी आकृती छापलेली असते, तिच्यात मध्ये उणे चिन्ह आहे का ते बघा.

मग येतात मोबाइल ॲपवाले ॲम्प, पॉझिटिव्ह ग्रिडच्या स्पार्क घराण्यातले. स्पार्क मिनी १० वॅटचा, चार्ज होणारा, आणि संगीत ऐकायलासुद्धा छान. यांत डझनावारी ॲम्प आणि इफेक्ट भरलेले आहेत, आवाजाबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी काळजी वेगळीच आहे. गिटार वाजवायला बसलेलं मूल फोन हातात घेतं, आवाज निवडायला लागतं, आणि अर्धा तास निवडण्यातच जातो. बोटं तिथेच राहतात. ज्यांचं चाळीशीत शिकणं सुरू झालंय आणि ज्यांना वेगवेगळ्या आवाजांची खरी ओढ आहे, त्यांना हे ॲम्प आनंद देतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी मी सांगते, पहिले तीन महिने एकच क्लीन आवाज, ॲप काढून टाका.

हे क्लीन-क्लीन मी का लावून धरते? पोहे जरा कच्चे राहिले असले तरी वरून तर्री भरपूर ओतली की कळत नाही, डिस्टॉर्शनचं तसंच आहे. डिस्टॉर्शनमध्ये हळू वाजलेला आणि जोरात वाजलेला सूर एकाच उंचीवर येतो, त्यामुळे उजव्या हाताचा दाब असमान आहे हे मुलाला कधी समजतच नाही. क्लीनवर एक तार दबून ‘ठप्प’ वाजली तर लगेच ऐकू येतं. तिथे हात तयार झाला की मग डिस्टॉर्शन मनसोक्त वाजवा, मलाही ते फार प्रिय आहे.

हेडफोनवर वाजवायची सोय आता बहुतेक ॲम्पांत असते, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं घर तिच्यामुळेच शांत राहतं. फेंडरचा मस्टँग मायक्रो तर गिटारच्या जॅकमध्येच बसतो. त्यात बारा ॲम्प, बारा इफेक्ट, आणि फोनवरचं गाणं ब्लूटूथनं येतं. स्पीकर मुळातच नाही. बेसा-मनीषनगरच्या दहा मजली इमारतींत राहणाऱ्या माझ्या दोन-तीन विद्यार्थ्यांकडे तो आहे आणि ते खूश आहेत. फक्त हेडफोन वायरचाच घ्या. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यानं किंवा त्याहून जास्त मागे पडतो. गाणं ऐकताना ते लक्षात येत नाही, पण तार छेडल्यावर सूर उशिरा आला तर लय शिकताच येत नाही. शिवाय काही ॲम्पांचं हेडफोन भोक मोठ्या जॅकचं असतं. त्यासाठी कन्व्हर्टर घेताना स्टिरिओ मागा, मोनो घेतलात तर एकाच कानात ऐकू येतं आणि सगळे ॲम्पला दोष देतात.

पण केवळ हेडफोनवर शिकणं मला पटत नाही. एका वडिलांनी मला काकुळतीनं सांगितलं, "मॅडम, दार लावून बसते, पोट्टी वाजवून राहिली का झोपून राहिली, काहीच समजत नाही." त्यांचं बरोबर होतं. घरात गिटार ऐकू यायला हवी. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "आज छान वाजलं गं," तर मूल पुढचे पंधरा दिवस वाजवतं. म्हणून आठवड्यातले काही दिवस तरी स्पीकरवर, हळू का होईना.

कॉलेजात गेलेल्यांना, ज्यांचा बँड जमतोय आणि ज्यांना गॅदरिंगला स्टेजवर वाजवायचंय, त्यांना मी थोडं थांबून पैसे जमवा आणि कटाना ५० घ्या सांगते. ५० वॅट, बारा इंची स्पीकर, आणि पॉवरचं एक बटण, ज्यानं तो २५ किंवा थेट अर्ध्या वॅटवर आणता येतो. अर्ध्या वॅटवर तो घरात सुरेख वाजतो आणि ड्रम्ससमोर पूर्ण ५० वर टिकतो. यूएसबीनं संगणकावर रेकॉर्डिंगही होतं. वजन अकरा-बारा किलो आहे, ॲक्टिव्हाच्या पुढे ठेवून न्यायला अवघड. किमतीलाही हा छोट्या ॲम्पांपेक्षा बराच वर जातो. काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या ट्यूब ॲम्पबद्दल विचारणारे असतात. नवशिक्याला नको. तो खुलतो मोठ्या आवाजात, आणि त्याच्या आत बंद केल्यावरही काही वेळ शेकडो व्होल्ट साचून असतात.

आता विजेचं, आणि हे नागपूरकरांनी कृपा करून नीट वाचा. ॲम्प घरी आणला आणि ‘हूं’ असा आवाज येतोय, म्हणून बदलून घ्यायला निघणारे खूप असतात. आपल्याकडे मार्च ते जून कूलर दिवसरात्र चालतो. त्याची मोटार, पाण्याचा पंप, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, हे सगळं हवेत गुणगुणत असतं आणि सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप ते उचलतो. दोन वेटोळ्यांचा हंबकर पिकअप त्यावरच उपाय म्हणून निघाला, गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये तो तयार केला. तेव्हा आधी कूलर बंद करून ऐका. मग गिटार हातात धरून जागच्या जागी हळूहळू फिरा, एका दिशेला हूं बरीच कमी होते, तिकडे तोंड करून बसा. पंख्याचा रेग्युलेटर पूर्णवर ठेवा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर लाईन गेल्यावर करकर वाढणारच, साइन वेव्हवाल्यावर ती होत नाही. यात ॲम्पचा काही दोष नाही.

तारांना हात लावल्यावर हूं कमी होत असेल तर घाबरू नका, ते नेहमीचं आहे. पण तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर गिटार तत्काळ खाली ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. महाल-इतवारीकडच्या कितीतरी जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं पण मागे अर्थिंगची वायरच नसते. तिसरी पिन तोडून किंवा दोन पिनचा कन्व्हर्टर लावून ॲम्प चालवू नका. आणि वाजवताना कूलरपासून लांब बसा. कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात येतात. गिटारच्या तारा ॲम्पमधून अर्थला जोडलेल्या असतात. एका हातात तारा आणि दुसरा हात किंवा ओला पाय करंट उतरलेल्या कूलरच्या पत्र्याला लागला, तर वीज थेट शरीरातून जायला वाट मिळते. मुलांना हे मी पहिल्याच तासाला सांगते. उन्हाळ्यात लहान मुलांनी शक्यतो सेलवर चालणाऱ्या ॲम्पवर वाजवावं असा माझा आग्रह त्यासाठीच आहे, कारण तो भिंतीतल्या विजेला जोडलेलाच नसतो.

जुना ॲम्प घ्यायला हरकत नाही. शिक्षणासाठी पुण्याला जाणारी मुलं दर जून-जुलैत विकतात आणि त्यातले पुष्कळ जेमतेम वापरलेले असतात. जाताना स्वतःची केबल न्या, म्हणजे खरखर कशातून येते ते कळेल. प्रत्येक बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. फिरवताना थोडी खरखर आली तर ती साफ होते, पण आवाज मध्येच तुटला तर ते बटण बदलावं लागेल. इनपुटमध्ये जॅक घालून हलवून बघा, सैल जॅक हा छोट्या ॲम्पांचा सगळ्यात नेहमीचा आजार आहे आणि दुरुस्तीही सोपी आहे. सेलचा कप्पा उघडून आत हिरवट-पांढरी बुरशी दिसते का पाहा. स्पीकरच्या कागदाला चीर नको. मग तो चालू ठेवून अर्धा तास गप्पा मारा आणि तापल्यावर पुन्हा एकदा, हळू आवाजात, ई मेजर छेडून ऐका.